ऑर्पिंग्टन की ऱ्होड आयलंड रेड?

परसात चार-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं, खुराडं कुठे बांधायचं तेही ठरलं, आणि आता घोडं जातीवर अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. चौकशी करत गेलं की यादी आटत जाते आणि बहुतेकांच्या हातात शेवटी दोन नावं उरतात: बफ ऑर्पिंग्टन आणि ऱ्होड आयलंड रेड. लेगहॉर्न अंड्यांना भारी, पण ती स्वभावाने बुजरी. दार उघडलं की फडफडत कोपरा गाठते आणि संधी मिळाली तर रात्री झाडावर मुक्काम. कोंबडी माणसाजवळ यावी असं वाटत असेल, तर ती बाजूलाच ठेवलेली बरी.

या दोन्ही जाती मी चार वर्षं एकाच खुराड्यात, एकाच खाद्यावर सांभाळल्या. रोजच्या अंड्यांची नोंद ठेवली नाही, त्यामुळे पुढे जे आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी केलेलं.

ऑर्पिंग्टन पाहताक्षणी आवडते. सोनेरी रंग, फुगीर पिसं, संथ चाल. उचलून मांडीवर घेतली तर डोळे मिटून बसते. लहान मुलं असलेल्या घरात हा स्वभाव फार मोलाचा आहे आणि तो मी कधीच कमी लेखणार नाही. विल्यम कुक यांनी १८८६ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात काळी ऑर्पिंग्टन तयार केली, ती अंडी आणि मांस दोन्हींसाठी. बफ १८९४ च्या सुमारास आली. पुढे प्रदर्शनांच्या नादात तिचा पिसारा आणखी फुगत गेला, आणि त्याची किंमत आपल्याला रोजच्या कामात मोजावी लागते. पावसात भिजली की पार आतपर्यंत ओली होते आणि लवकर वाळत नाही. उकाड्यात पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी ठेवून धापा टाकते. मागच्या बाजूच्या मऊ पिसांत शिट अडकून गोळे होतात, ते कात्रीने कापावे लागतात. अंग जड असल्यामुळे रात्री बसायची दांडी बुटकी हवी, नाहीतर उंचावरून उडी मारून तळपायाला इजा होते आणि तिथे गाठ धरते. यातलं काहीच अवघड नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

ऱ्होड आयलंड रेड ही शेतकऱ्यांनी घडवलेली कोंबडी. शेतावर जी टिकेल आणि अंडी देईल तीच पुढे ठेवायची, या हिशेबाने ती तयार झाली, आणि १९५४ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने तिला राज्यपक्ष्याचा मान दिला. बोलताना सगळे आरआयआर म्हणतात, मी नुसतं लाल म्हणतो. लाल कोंबडी दिवसभर कामात असते. पाचोळा उकरणं, कुंपणाशी येरझाऱ्या, फावडं हातात घेतलं की पायात येऊन गांडुळाची वाट पाहणं. मांडीवर ती सहसा बसत नाही, पण पाठ मात्र सोडत नाही. मला हे नातं जास्त भावलं, हे आधीच सांगून टाकतो.

तिचा दोष म्हणजे दांडगाई. खाद्याच्या भांड्यावर ती इतरांना टिकू देत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या एका ऑर्पिंग्टनच्या शेपटीच्या बुडाशी रुपयाएवढी जागा उघडी पडली. एकच लाल येता-जाता तिथली पिसं ओढत होती. भांडी दोन केली आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवली. त्या लालला चार दिवस वेगळं काढून मग परत सोडलं. मधल्या काळात कळपातली तिची दादागिरीची जागा दुसरीने घेतलेली होती, त्यामुळे ती निमूट झाली आणि पिसं परत आली. जागा अपुरी असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, हे लक्षात ठेवा.

अंड्यांबद्दल थोडक्यात. दोघींचीही तपकिरी, लालची जरा गडद. लाल कोंबडी वर्षभरात जास्त देते, हे कुणीही सांगेल. पण घरापुरती अंडी हवी असतील तर नुसत्या आकड्यावरून निवड करण्याएवढा फरक मला जाणवला नसता. माझी निवड ठरली ती वेगळ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट म्हणजे खुडूक, म्हणजे अंडी द्यायचं सोडून ती उबवायला बसून राहणारी कोंबडी.

खुडूक कोंबडी काय असते हे सगळ्यांना माहीत असतं. ती महिनोन्‌महिने घरात असणं काय असतं, ते मात्र पाळल्यावरच कळतं. दिवस मोठे होऊ लागले होते. दुपारी अंडी काढायला पेटीत हात घातला, तर पिवळी, म्हणजे माझी एक ऑर्पिंग्टन, उठेना. पालथ्या टोपलीसारखी पसरलेली, नजर एका जागी खिळलेली. हात पुढे नेला तशी पिसं फुलवून चोच मारली. आदल्या आठवड्यात हीच मांडीवर झोपत होती. पोटाखाली हात घातला तर कढत ऊब, छातीची पिसं उपटून कातडी उघडी केलेली, आणि खाली लालची तीन अंडी. उचलून बाहेर ठेवली तर मिनिटभर तशीच फुगून बसली. मग उठली, चार दिवसांची साठवलेली भलीमोठी, घाण वासाची शिट टाकली, घाईघाईने दाणे टिपले, पाणी प्यायली आणि सरळ पेटीत.

खरा त्रास तिच्या एकटीचा नाही. पेट्या दोन होत्या, पण सगळ्यांना आवडते ती एकच, आणि तीच पिवळीने धरलेली. लाल कोंबड्या बाहेर ताटकळायच्या, कलकलाट करायच्या, मग एखादी तिच्या अंगावरच चढून अंडं घालायची. त्या धक्काबुक्कीत अंडं फुटलं की बलक सगळीकडे, आणि एकदा बलकाची चव लागली की कोंबड्या स्वतःच अंडी फोडायला शिकतात. ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. राहिलेल्या कोंबड्या झुडपात अंडी घालू लागल्या, तीही शोधत फिरा. त्यात एक बसली की दुसरीलाही लहर येते. त्या मोसमात माझ्या तीन ऑर्पिंग्टनपैकी दोघी एकाच वेळी खुडूक होत्या.

शिवाय खुडूक कोंबडी मातीत नीट लोळत नाही, त्यामुळे उवा, पिसवांना रान मोकळं. लाल गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत दडते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पेटीच्या फटीवरून पांढरा कागद फिरवला, तर त्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. सगळं गवत जाळलं आणि फटी न्‌ फटी धुऊन काढल्या.

खुडूक मोडता येते. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर उंच ठेवायचा, आत खाणं-पाणी, पण गवत-भुसा काही नाही. खालून वारा लागून पोट थंड झालं की तीन-चार दिवसांत ओढ ओसरते. पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात घातली तर लवकर सुटते, आठवडा जाऊ दिला तर जास्त दिवस लागतात. गार पाण्यात बुडवायचा जुना उपाय आहे, मला तो करवला नाही. मोडल्यावरही अंडी सुरू व्हायला दोन-तीन आठवडे जातात. आणि माझी पिवळी त्याच मोसमात तीनदा बसली.

दोन दिवस बाहेरगावी जायचं तर दाणा-पाणी कुणालाही सांगता येतं. ‘पिवळीला दिवसातून तीनदा उठव, चोच मारते, हातमोजा घाल’ हे कुणाला सांगणार? सांगितलं त्यांनी एकदा केलं, पुढच्या वेळी नम्रपणे नाही म्हणाले. तिथे माझं मन ठरलं. चार वर्षांत लाल कोंबड्यांपैकी एकच बसली, तीही दोन दिवसांनी आपणहून उठली. माझं नशीब म्हणा हवं तर, पण इतर पाळणाऱ्यांकडूनही साधारण हेच ऐकलंय.

आता याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांना घरच्या घरी पिलं काढायची आहेत, त्यांना यंत्रापेक्षा ऑर्पिंग्टन केव्हाही सरस. तिला रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवा, एकवीस दिवस ती अंडी सोडणार नाही, आणि पिलं निघाल्यावर पंखाखाली घेऊन फिरणं तर बघत राहावं असं असतं. ज्यांचं घर शांत आहे, रोज कुणीतरी घरी असतं आणि अंड्यांची घाई नाही, त्यांनी माझं ऐकून ऑर्पिंग्टन सोडू नये. इतरांनी, विशेषतः पहिल्यांदाच पाळणाऱ्यांनी, लालचा विचार आधी करावा असं मला वाटतं.

तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, घ्यायला जाल तेव्हा रंग-रूपाआधी एकच विचारा: यांच्या आया किती वेळा खुडूक होतात? हा गुण आईकडून लेकीकडे उतरतो. ऑर्पिंग्टनमध्येही अंड्यांसाठी निवडत आणलेले वंश आहेत, त्यातल्या कोंबड्या कमी बसतात. आणि केवळ गडद रंगासाठी वाढवलेल्या प्रदर्शनाच्या लाल कोंबड्या अंडी बेताचीच देतात. विकणारा थांबून, आठवून उत्तर देत असेल तर तो कोंबड्यांकडे लक्ष देणारा माणूस आहे असं समजा.

सध्या माझ्याकडे पाच लाल आहेत आणि एकच ऑर्पिंग्टन, तीच जुनी पिवळी. गेल्या मोसमात लालची सात पिलं तिनेच काढली. यंदा पिलं नको आहेत, म्हणून परवापासून ती पिंजऱ्यात आहे. आज सकाळी हात घातला तेव्हा पोट गार लागलं आणि तिने चोच मारली नाही. उद्या सोडीन.