कॅम्पसची सर्व्हिस कंपनी की ऑफ-कॅम्पस प्रॉडक्ट कंपनी? सांगली-साताऱ्याच्या पोरांनी आधी काय धरावं

फायनल इयरला आपल्याकडं दोन वाटा असतात. एक म्हणजे कॉलेजतर्फे टीसीएस, इन्फोसिस, कॅपजेमिनी असल्या, दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांची भरती, आणि दुसरी म्हणजे स्वतः अर्ज करून, सिनियरकडून रेफरल, म्हणजे शिफारस घेऊन पुण्या-बंगळुरूच्या, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत नाहीतर स्टार्टअपमध्ये शिरायचं. माझं मत आधीच सांगतो, कॅम्पस सोडू नका, पण तयारी मात्र दुसऱ्या वाटेची करा.

सर्व्हिसवाल्यांचं सरळ असतंय. बहुतेक ठिकाणी दहावी, बारावी, डिग्रीला ६० टक्के मागतात, बॅकलॉग (राहिलेला विषय) चालत नाही, मग ॲप्टिट्यूड, इंग्लिश, थोडं कोडिंग, आणि त्यातून निघालात की टेक्निकल, मॅनेजरियल, एचआर, बऱ्याचदा एकाच दिवशी. मेकॅनिकल, सिव्हिलच्या पोरांनाही घेतात आणि शिकवतात, इन्फोसिसचं ट्रेनिंग तर म्हैसूरच्या कॅम्पसवर असतंय. इंटरव्ह्यूला ओओपीच्या (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) संकल्पना उदाहरणासकट, डेटाबेसमधले एसक्यूएलचे जॉइन, नॉर्मलायझेशन आणि फायनल इयर प्रोजेक्ट एवढं पक्कं पाहिजे. प्रोजेक्टवर जास्त पोरं सापडतात, कारण ग्रुपमध्ये काम एकानंच केलेलं असतं आणि तुमचं लॉगिन कसं चालतं एवढं विचारलं तरी बाकीचे गप्प.

पगार कमी, हे खरं आहे. पण टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेतूनच निंजा या साध्या पदाला वर्षाला साधारण ३.३६ लाख आणि डिजिटल या वरच्या पदाला ७ लाखांच्या आसपास असा फरक पडतो, आणि तो पाडतो परीक्षेतला ॲडव्हान्स्ड भाग आणि कोडिंग. म्हणूनच म्हणतो, नुसत्या ॲप्टिट्यूडच्या पुस्तकावर बसू नका.

प्रॉडक्टवाल्यांकडं अवघड जातंय ते आधी कॉल येणं. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) स्वतःचं चालणारं काहीतरी असेल, रेफरल असेल तर हॅकररँकसारखी ऑनलाइन टेस्ट येते, मग डीएसएचे (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) दोन-तीन राउंड, स्क्रीन शेअर करून, समोरचा बघतोय आणि आपण कोड लिहितोय. इथं गप्प बसून लिहिणं महागात पडतं. समजा ॲरेमधून ठरावीक बेरजेचे दोन आकडे शोधायला सांगितले, तर आधी दोन लूपचं साधं सोल्युशन बोलून दाखवा, मग हॅशमॅप लावून ते एका फेरीत कसं बसतं ते सांगा, टाइम कॉम्प्लेक्सिटी (इनपुट वाढलं की वेळ किती वाढतो) सांगा, रिकामा ॲरे आला तर काय होईल तेही सांगा. इंग्लिश साधं असलं तरी चालतं, मराठी मीडियमच्या पोरांनी त्यासाठी अजिबात खचू नये, प्रश्न कळला नाही तर सरळ परत विचारायचा. हे सगळं कित्येक आठवडे चालतं आणि नापास झालात तर कारण बऱ्याचदा सांगत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

प्रवासाचंही बघा. हिंजवडीला प्रत्यक्ष बोलावलं तर साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं जमतं, सांगलीवाल्यांनी मात्र आदल्या रात्रीच पुण्यात पोचावं. ऑनलाइन असेल तर गावाकडच्या लाइटवर विसंबू नका, कॉलेजची लॅब मागून घ्या आणि मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

आणि फॉर्म भरायच्या आधी टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) सरांना एक विचाराच, एक ऑफर मिळाली की पुढच्या ड्राइव्हला बसू देतात का? बऱ्याच कॉलेजांत देत नाहीत, काही ठिकाणी जास्त पॅकेजच्या कंपनीला सूट असते. ऑफ-कॅम्पस शोधायला तशी आडकाठी नसते, फक्त ऑफर लेटरवर सही करण्याआधी बाँड किती वर्षांचा आणि सोडल्यास किती रक्कम भरावी लागते ते वाचा. जॉईनिंगसाठी डिपॉझिट मागणारा कुणी भेटला तर मात्र तिथंच फोन ठेवा, कारण खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही.