महात्मा फुले योजना की खासगी मेडिक्लेम?

घरात कुणी ॲडमिट झालं की आपल्या कोल्हापुरात आधी ऊसबिल कधी जमा होतंय ते बघतात, मग दागिने बाहेर निघतात. ते टाळायला दोन वाटा आहेत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेला हप्ता नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा योजनेतल्या खासगी दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं. कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, जुनं दुखणं असलं तरी. मात्र उपचार ठरलेल्या यादीतलेच, आणि नंबर लागेपर्यंत धीर हवा.

मेडिक्लेममध्ये दवाखाना निवडायची मोकळीक जास्त. पण वयाबरोबर हप्ता चढतो, आधीच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. खरी मेख खोलीभाड्यात आहे. पॉलिसीत दिवसाला 3,000 रुपयांची मर्यादा आणि तुम्ही घेतली 6,000 ची खोली, तर नुसता भाड्यातला फरक कापून भागत नाही. अशा बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच मंजूर होतो. एजंट हे आपणहून सांगेल तर शपथ!

बीपी-शुगरच्या गोळ्या दोन्हीकडं सहसा खिशातूनच. त्यासाठी जनऔषधी केंद्र बरं.

माझं म्हणाल तर म्हाताऱ्यांसाठी योजना आधी. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं) काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही. मेडिक्लेम कमावत्या पोरांचा, तोही खोलीभाड्याची मर्यादा नसलेला.