स्थानिक एएमसी: दुरुस्ती चोख, बॅकअप कच्चा

दहा-बारा संगणकांच्या ऑफिसला हार्डवेअरवाल्याची एएमसी (वार्षिक देखभाल करार) दुरुस्तीपुरती नक्की परवडते. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), रॅमचे पैसे वेगळे पडतात, एवढं ध्यानात ठेवा.

खरी गोची बॅकअपची. टॅलीचा डेटा सीवरून डी ड्राइव्हवर टाकला की काम झालं, असं ही मंडळी समजतात. दोन्ही बहुधा एकाच डिस्कचे भाग. डिस्क गेली की दोन्ही गेले! कायम जोडलेली यूएसबी डिस्क रॅन्समवेअरही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सोडत नाही. दोन डिस्क आलटूनपालटून लावा, एक ऑफिसबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर रिस्टोर करून शेवटचं व्हाउचर दिसतं का, ते समोर बसून बघा.

राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे बाहेरून संगणक चालवायचा रस्ता) उघडा ठेवला असेल, तर तिथून रॅन्समवेअरही शिरू शकतं; आजच बंद करायला लावा, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसात यायची सुरक्षित जोडणी) मागा.