मागची डिक्की गोल करायची, सपाट, का दोन पल्ल्यांची?

घरी टिअरड्रॉप ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचा, आत झोपायचा थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, बांधायलेत त्यांनी सगळ्यात आधी मागची डिक्की, म्हणजे मागचं झाकण, ठरवावी. गादी, खिडक्या, लाइट हे नंतर बदलता येतंय, पण डिक्कीचा आकार म्हणजे साइडच्या प्लायचा आकार, एकदा जिगसॉ (प्लाय कापायची मशीन) फिरली की विषय संपला. आणि मागं किचन असतंय, म्हणजे शेगडी, पिठाचा डबा, मसाले, सगळं ह्या एका झाकणाच्या भरवशावर.

गोल डिक्की फोटोत लई भारी दिसती. मीबी पहिली तीच केली. १८ एमएम प्लायच्या कमानी, आतून ४ एमएम प्लाय, वरून १ एमएमचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा. वजनाला हलकी, पाणी कुठं थांबत नाही. पण वाकवून चिकटवलेल्या प्लायला परत सरळ व्हायची ओढ असती, साच्यावरनं काढली तर खालची कड दोन बोटं वर. म्हणलं लॉक लावल्यावर बसंल. लॉक मधोमध एकच, त्यामुळं मधला भाग बसला अन् दोन्ही कोपरे उघडेच राहिले. खुलताबादवरनं म्हैसमाळला गेलो, वाटेत रस्त्याचं काम चालू होतं, वर पोचून उघडलं तर ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ, अन् शेंगदाण्याची चटणी दाताखाली करकर. चालत्या ट्रेलरच्या पाठीमागं टायरची धूळ घुटमळत राहती, फट घावली की आत. गोलच करायची असंल तर साचा पाहिजे त्यापेक्षा जरा जास्त वाकडा घ्या, सरळ झाली तरी मापात येती, आणि लॉक दोन, दोन्ही कडंला.

सपाट, तिरकी डिक्की म्हणजे २५ बाय २५ एमएमच्या लोखंडी चौकोनी पाइपची चौकट. दिसायला पाव कापल्यासारखी, खरंय. पण जालना, लातूर कुठंबी फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर काढून दिलं की तो करून देतो, अन् कडा सरळ असल्यानं रबर बीडिंग सगळीकडं सारखी दाबली जाती. दीड मीटर रुंद अन् १.२ मीटर लांब धरली तर १.६ एमएमच्या पाइपचे १०-११ किलो, १ एमएम अ‍ॅल्युमिनियमचे ५, आतल्या प्लायचे ४, म्हणजे २० किलोच्या आसपास. पैसे वाचवायला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा टाकला तर तेवढ्याच जाडीत पत्राच १४ किलोचा होतो, मग उघडताना कळतंय. अ‍ॅल्युमिनियम टाकला तर लोखंडाला थेट टेकवू नका, मधी टेप लावा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून पत्रा खराब होतो.

दोन पल्ल्यांची म्हणजे सरळ कपाटाची दारं. सगळ्यात स्वस्त, शॉकर (डिक्की उचलून धरणारा गॅसचा दांडा) नको, साध्या बिजागऱ्या, वारं सुटलं तर पल्ले शेगडीला आडोसा देतात. पण डोक्यावर सावली नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीत उभं राहून भाकरी कोण थापणार? वर उघडणारी डिक्की म्हणजे फुकटचं छप्पर. वळवाच्या वाऱ्यात मात्र तीच शीडासारखी भरती, आभाळ काळं झालं की आधी डिक्की खाली.

शॉकरचा हिशोब लोक अंदाजानं करतात तिथं फसतात. वर सांगितलेल्या सपाट डिक्कीचा तोल बिजागरीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतो, शॉकरचा रेटा बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवरनं लागला तर दुप्पट जोर लागतो, म्हणजे दोन्ही बाजूच्या शॉकरांत मिळून ४० किलो, एकाला २०. शॉकरवर न्यूटन छापलेलं असतंय, १० न्यूटन म्हणजे अंदाजे १ किलो, तर २०० लागतो, थोडा जादा म्हणून २५० घ्या. भंगारात गाडीच्या डिक्कीचे स्वस्तात मिळतात, पण आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. गोल डिक्कीला लई कडक शॉकर लावला तर तो तिला मधूनच वाकवतो. उन्हात गॅस फुगून जोर वाढतो, डिसेंबरच्या सकाळी तोच शॉकर ढिला वाटंल.

बिजागरीला मी पियानो हिंज, म्हणजे अख्ख्या रुंदीची एकच लांब पट्टीची बिजागरी, टाकली. तिच्यातनं पाणी गळणारच. वरून ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी छताकडून पत्र्याखाली दाबून स्क्रू मारली अन् डिक्कीवर मोकळी सोडली. तडकली की बदलायची, खर्च काहीच नाही.

माझं मत विचाराल तर पहिला ट्रेलर असंल तर सपाट. सुतारकाम मुरलंय अन् घाई नाही, तर गोल. जवळच एक-दोन रात्री शेताकडं काढायच्या असतील तर दोन पल्लेबी बास झाले.

काहीही करा, रंग द्यायच्या आधी पेपरची पट्टी कडेला धरून डिक्की बंद करा अन् ओढून बघा, चारी बाजूनं, दर वितीला. पट्टी सहज निघाली तिथनं धूळ येणार. माझ्या आत्ताच्या सपाट डिक्कीत उजव्या कोपऱ्यात ती अजूनबी निघती, तिथं डबल बीडिंग चिकटवायलोय.