सार्वजनिक वाचनालयाचा वाचनकक्ष: एका नियमित वाचकाचा अभिप्राय

वाचनालय चांगले की वाईट हे ठरवताना आपण सहसा ग्रंथसंख्या, उजेड आणि शांतता पाहतो. मी ज्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद आहे, तेथे या तिन्ही बाबी समाधानकारक आहेत. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, तेथे कोणालाही उपरेपणा जाणवत नाही.

दाराशी सर्वांच्या पिशव्या एकाच मांडणीत जातात आणि हातात बिल्ला मिळतो. आत जागा राखून ठेवता येत नाही. त्यामुळे रात्रपाळी संपवून थेट आलेला सुरक्षारक्षक, निवृत्त अधिकारी आणि घरी अभ्यासाला कोपराही नसलेली विद्यार्थिनी एकाच लांब टेबलाशी बसतात. वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन टेबलभर फिरत असतात आणि ‘पुरवणी झाली की इकडे द्या’ एवढ्या चार शब्दांवर ज्यांची एरवी कधी गाठही पडली नसती अशा माणसांची ओळख होते. ग्रंथपालबाई सर्वांना ‘अहो’ म्हणतात, आणि अर्ज भरताना अडखळणाऱ्याच्या शेजारी बसून, आवाज न चढवता, रकाना समजावून सांगतात. माझ्या मते या सेवेचा खरा दर्जा येथे दिसतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते की, भिन्न गटांतील माणसे केवळ एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या ठिकाणी त्यांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट सामाईक असावे लागते, परस्पर सहकार्य लागते आणि संस्थेचे पाठबळही लागते. आमच्या वाचनकक्षात या अटी बऱ्याच अंशी पाळल्या जातात. म्हणूनच तेथील आपलेपणा वरवरचा वाटत नाही.

पुस्तक घरी न्यायचे म्हटले की मात्र हे चित्र बदलते. अनामत रक्कम आणि विलंब शुल्क सर्वांना सारखेच असले, तरी ते सर्वांना सारखेच जड जात नाही. दंड साचल्यामुळे येणेच बंद केलेले वाचक मी पाहिले आहेत, आणि त्यांची रिकामी खुर्ची मला आजही खटकते. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात सामाजिक दर्जा न पाहता सर्वांना समान प्रवेश असावा आणि सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनाशुल्क असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने तर २०२१ मध्ये विलंब शुल्क पूर्णपणे रद्द केले. तेथे हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र आजही द्यावी लागते, आणि ते रास्तच आहे.

वाचनकक्षाला मी पाचपैकी पाच गुण देईन, देवघेव विभागाला तीन. व्यवस्थापनाने निदान विद्यार्थ्यांची अनामत माफ करावी आणि जुना दंड एकदाच सरसकट रद्द करून त्या वाचकांना तसे पत्राने कळवावे.