विंडोज न उडवता एएचसीआय: सेफ मोड, रजिस्ट्री की फॉरमॅट?

लॅपटॉपवर उबुंटू टाकायला घ्यावे आणि इन्स्टॉलरने ‘आधी आरएसटी (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) बंद करा’, म्हणजे डिस्क एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणा, म्हणून अडून बसावे, हे नेहमीचेच. नागपुरात बर्डीवर कुठेही विचारा, बहुधा ‘फॉरमॅट मारून घ्या’ असेच ऐकू येईल. बहुतेकांना त्याची गरज नसते.

बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) डिस्कचा मोड रेडवरून (आरएसटी चालू असताना हाच असतो) किंवा आयडीई या जुन्या पद्धतीवरून थेट एएचसीआयवर नेला की ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, पण सुरुवातीलाच लोड होण्याच्या यादीत नसतो. डेटा जागेवर असतो. मोड जुना केला की विंडोज पुन्हा उघडते.

विंडोज १० आणि ११ साठी सेफ मोडचा (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज उघडण्याचा) मार्ग सर्वांत भरवशाचा. ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’ आणि ‘मिनिमल’ निवडा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा (११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर त्याऐवजी व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय बंद करायची असते) आणि सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडून ड्रायव्हर स्वतःच बसवते. मग ‘सेफ बूट’ची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. गाडी अडते ती दोन ठिकाणी. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधी आठवून ठेवा. दुसरे म्हणजे बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय: तो आधी ‘सस्पेंड’ करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोज होममध्येही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असू शकते, ते तपासल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

रजिस्ट्रीचा (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) मार्ग विंडोज ७ वर योग्य: तिथे सर्व्हिसेसखाली ‘एमएसएएचसीआय’मध्ये ‘स्टार्ट’ची किंमत ० करायची, मग बायोस. विंडोज १० वर ‘स्टोरएएचसीआय’ आणि त्याच्या आतले ‘स्टार्टओव्हरराइड’ अशा दोन ठिकाणी बदल लागतो. एक राहिले की पुन्हा निळी स्क्रीन. सेफ मोड उघडत असताना हा खटाटोप कशाला?

फॉरमॅट सर्वांत महागडा, आणि ती किंमत दुकानदाराच्या बिलात दिसत नाही. विंडोजचे डिजिटल लायसन्स सहसा आपोआप परत येते, पण टॅलीचे लायसन्स, श्रीलिपीची मांडणी, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर हे सगळे पुन्हा बसवावे लागते. डीटीपीवाल्याचा किंवा अकाउंटंटचा अख्खा दिवस जातो. त्यात ऐन मे महिन्यात इन्स्टॉलेशनच्या मध्येच वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर काम पहिल्यापासून. विंडोजच बिघडलेले असेल किंवा नवी एसएसडी कोरीच बसवायची असेल, तर फॉरमॅट जरूर करा. मात्र मोड आधी बदला, नाहीतर व्हीएमडी चालू असताना इन्स्टॉलरला बऱ्याचदा डिस्क दिसतच नाही.

दोन डिस्क जोडून खरेच रेड ० किंवा रेड १ केलेले असेल, तर यातला एकही मार्ग लगेच धरू नका. रेड ० मोडले की डेटा वाचता येत नाही, म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या. ऑप्टेन (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी) असेल तर ते आरएसटीच्या अ‍ॅपमधून आधी बंद करा.

फक्त वेगासाठी बदलायचे असेल तर आयडीईवरून जरूर बदला: एएचसीआयमधल्या एनसीक्यू या सोयीमुळे डिस्क एकावेळी ३२ मागण्या रांगेत घेते. एकाच एसएसडीवर रेड मोड असेल तर फरक जाणवणार नाही, आहे तसेच राहू द्या. बदल केलाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साटा डिस्कसाठी ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’, एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीसाठी ‘स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर’ दिसते का पाहा.