बडोद्याच्या अलकापुरीतलं कॉस्मेटिक क्लिनिक: डॉक्टर एक नंबर, काउंटरवर मात्र सांभाळून

वहिनीला दुसऱ्या बाळंतपणानंतरचं पोट खुपत होतं, रील्स बघून ‘लायपो करून टाकते’ हे तिचं ठरलेलंच होतं, म्हणून सोबतीला गेले आणि आईच्या खाली उतरलेल्या पापण्यांचंही विचारून घेऊ म्हणून तिलाही दांडिया बाजारातून रिक्षात घातलं.

सर्जन एमसीएच आहेत, म्हणजे प्लास्टिक सर्जरीतली वरची पदवी. हे आधी बघाच, एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर ऑपरेशनला तिथे नको. बोलतात गुजरातीत, पण आपलं मराठी सगळं कळतं त्यांना.

वहिनीला आडवं करून मान उचलायला लावली आणि पोटाच्या मधोमध बोटं रुतवून दाखवलं, इथे स्नायू फाकलेत. लायपो म्हणजे नळीने चरबी ओढणार, बस, सैल कातडी नि फाकलेले स्नायू आहेत तिथेच राहणार. त्याला ॲबडॉमिनोप्लास्टी लागते, तेच ते टमी टक, जास्तीची कातडी कापतात, स्नायू शिवून जवळ आणतात, आणि ओटीपोटावर या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत व्रण राहतो (रीलमध्ये हा कुणी दाखवत नाही!). वजन उतरवायला दोन्ही कामाचं नाही. आणखी मूल हवं असेल तर आत्ता करूच नका, हेही स्वतःहून सांगितलं, मला तिथेच माणूस पटला.

आईला वाटत होतं बोटॉक्स मारतील. तर बोटॉक्स स्नायू सैल पाडतं, आठ्यांना ठीक, असर तीन-चार महिने, आणि पापण्या आधीच जड असताना कपाळावर दिलं तर भुवई अजून खाली यायची. फिलर हेही इंजेक्शनच, पण खड्डे भरायला. पापणीची कातडी लोंबत असेल तर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे ती जास्तीची कातडी कापून काढतात, पापणी उचलणारा स्नायूच ढिला असेल तर तो टोसिस, त्याचं ऑपरेशन वेगळं. आईचं दुखणं लोंबत्या कातडीचंच निघालं.

आता काउंटर. आत डॉक्टर नको म्हणाले त्याच लायपोचं पॅकेज तिथल्या बाईंनी पुढे सरकवलं, वर ‘आजच बुक करा, डिस्काउंट देते’. कोटेशनमध्ये भूलतज्ज्ञ नाही, नंतर घालायचा पट्टा नाही, जीएसटीही नाही. शोभेसाठी केलेल्या सर्जरीवर 18 टक्के लागतो हो, अपघात किंवा जन्मजात व्यंगाच्या दुरुस्तीला माफ आहे, आणि मेडिक्लेमवालेही शोभेच्या सर्जरीचे पैसे देत नाहीत. सगळं लेखी मागा.

पार्किंगची बोंब, अपॉइंटमेंट घेऊनही ताटकळत बसावं लागतं. डॉक्टरांना पाच स्टार, काउंटरला एक. वहिनीचं अजून ठरत नाहीये, आईची मात्र फील्ड टेस्ट करायला सांगितलीय, पापणीमुळे वरचं दिसायला किती अडतं ते बघायला.